गच्चीवरचा मे महिना

ति. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही सहज बोलून गेलात, "तुम्हा पोरांना लहानपणी कधी कुठे नेणं झालं नाही." आईनेही लगेच री ओढली, महाबळेश्वर राहिलं, गोवा राहिलं. तेव्हा मागे तुमच्या नातीचा दंगा चालू होता, म्हणून मी गप्प बसले. पण मला ते अजिबात मान्य नाही. फोनवर तुम्ही दोघं मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

गिरणी बंद पडल्यानंतरची ती वर्षं. सहलीचा विषय घरात निघायचाच नाही. पण मे महिन्यात ऊन उतरलं की आई, तू कपडे खळबळलेलं पाणी बादल्यांतून वर पाठवायचीस. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, तेव्हा चांगलं पाणी गच्चीवर ओतायची कोणाची छाती? पहिली बादली ओतली की तापलेल्या कोब्यातून वाफ यायची. शेवटच्या बादलीपर्यंत दादा आणि मी चिंब, आणि हे तुला खाली ओट्यापाशी उभं राहून कसं कळायचं देव जाणे. जेवणही वरच. भाकरी, दही, शेंगाचटणी. मग झब्बू, त्यात बाबांची लबाडी, आणि ती पकडल्यावर "हात पाय पसरायला जागा नाही, पत्ता खाली सरकला" हे ठरलेलं उत्तर.

आपल्या पूर्व भागात रात्रीही यंत्रमागांचा खडखडाट चालू असायचा. वीज गेली की सगळे माग एका दमात थांबायचे. आधी शेजारच्या अक्कांचं तेलुगू स्पष्ट ऐकू यायचं आणि मग तारे दिसायला लागायचे. गल्ली विजेच्या नावाने बोटं मोडायची, आम्ही दोघं मात्र ती कधी जाते याची वाट बघायचो.

सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा, हे बाबा, मला शाळेत जायच्या आधीपासून येतं. वसिष्ठाला खेटून असलेली अरुंधती दिसली म्हणजे डोळे चांगले, हा तुमचा फुकटचा डोळ्यांचा दवाखाना. दादा दर वेळी "दिसली, दिसली" म्हणायचा. सहावीत त्याला चष्मा लागला तेव्हा खरं काय ते कळलं. १९९७ च्या एप्रिलमध्ये दिवेलागणीनंतर वायव्येला हेल-बॉप धूमकेतू दिसायचा, दुर्बीण नको की काही नको. तुम्ही म्हणालात, हा आता दोन हजारांहून जास्त वर्षांनी येणार. दादाने विचारलं, "तेव्हा आपण कुठे असू?" तुम्ही म्हणालात, "इथेच, गच्चीवर. आपण कुठे जातोय?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आता त्याच वाक्याचं तुम्हाला वाईट वाटतं म्हणजे कमाल आहे.

पण माझा सगळ्यात आवडता खेळ दिवसाचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा साडेबाराच्या जरा आधी तुम्ही पितळी पेला उपडा ठेवायचात. सावली आखडत आखडत पेल्याखाली गडप व्हायची. आम्ही आपापल्या सावलीवर उभे, तळपाय भाजतायत, आणि जिन्यातून आईची हाक, "पोरांना ऊन लागेल, अहो, तुम्हाला तरी काही वाटतं का?" ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परत डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग. त्यामुळे खरी संधी वर्षातून एकदाच.

इथे अ‍ॅमस्टरडॅममध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. डिसेंबरात भर दुपारी माझी सावली माझ्या जवळजवळ चौपट असते. वृश्चिक राशीतल्या विंचवाचं लाल ज्येष्ठा जेमतेम घरांच्या वर येतं आणि नांगी तर दिसतच नाही. मेमध्ये दहा वाजले तरी आकाशात उजेड, तोवर पोरगी झोपलेली. तिला आम्ही खूप ठिकाणी नेलं आहे. तिकिटं काढून, रांगेत उभं राहून. तिला मजा येते, उगाच नाही म्हणणार नाही. पण विंचू तिने अजून अख्खा पाहिलेला नाही आणि तिचे आजोबा तिच्याशी झब्बू खेळताना लबाडी करत नाहीत, कारण व्हिडिओ कॉलवर ते जमत नाही.

म्हणून यंदा दिवाळी नाही, मेमध्ये येतोय, दुसऱ्या आठवड्याच्या आत. उन्हाचं काय, हे आईने विचारू नये. महाबळेश्वरचं बुकिंग तर मुळीच करू नका. दादाला मी तशी ताकीद दिली आहे. फक्त गच्चीच्या जिन्याला कठडा बसवून घ्या. बाबांचे गुडघे बघता तो आधीच व्हायला हवा होता. पैसे मी पाठवते, आणि "आम्ही बघू" हे उत्तर चालणार नाही.

तुमची,
चिमी