बिग लीग

पिट्सबर्ग,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी तुझ्या अप्पांनी दिलेलं पितळी भिंग डोळ्याला लावून बसलो होतो, म्हणून धड बोलणं झालं नाही. काय करतोयस विचारलंस, तर मी 'कार्ड बनवतोय' म्हणालो आणि तुला वाटलं कुणाच्या लग्नाची पत्रिका. आज बाहेर ढोपरभर बर्फ पडलंय, रस्ते बंद आहेत, तेव्हा सगळं नीट लिहितो. पत्राच्या शेवटी तुझ्याकडे एक काम आहे. ते तुझ्या प्रेसवरच व्हावं असं मनात आहे.

मी बनवतोय ते बेसबॉल खेळाडूचं कार्ड. आपण काड्यापेटीचे छाप जमवायचो, बबलगमच्या वेष्टनातली क्रिकेटवाल्यांची चित्रं वर्गात मागच्या बाकावर अदलाबदल करायचो, तसंच हे. इथे त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. आधी ती सिगारेटच्या पाकिटात यायची, नंतर गमबरोबर यायला लागली. १९३३ साली बोस्टनच्या गाउडी कंपनीने एका सेंटला एक गम आणि एक कार्ड असा माल काढला. एका शीटवर २४ कार्डं, अशी १० शीटं, म्हणजे २४० कार्डं. फोटोवरून रंगवलेलं चित्र, मागे एकरंगी सपाट पिवळा, लाल, हिरवा किंवा निळा, आणि बहुतेक कार्डांवर खाली एक तांबडी पट्टी: 'बिग लीग च्युइंग गम'. बेब रूथ नावाचा त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू, त्याची तर एकट्याची चार कार्डं आहेत. गंमत म्हणजे १०६ नंबरचं कार्ड कंपनीने त्या वर्षी काढलंच नाही. संच पुरा होईना म्हणून पोरं गम घेतच राहिली. तक्रारीची पत्रं गेली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी ते कार्ड छापलं.

त्या संचातलं एक खरं कार्ड माझ्याकडे आहे. फार कुणाला ठाऊक नसलेला खेळाडू, कोपरे झिजून गोल झालेले, वरच्या बाजूला टाचणीचं भोक. तशा अवस्थेतलं म्हणून मला परवडलं. ९२ वर्षांपूर्वी कुणा पोराने ते भिंतीला टाचलं असणार. हातात घेतलं की पुठ्ठ्याचा जाडपणा जाणवतो, आणि तुझ्या प्रेसमागच्या गोदामात यायचा तसा जुन्या कागदाचा वास येतो.

आता मूळ मुद्दा. मागच्या मे महिन्यात इथे पेपरात बातमी होती. मेजर लीग बेसबॉलने (ही इथली सगळ्यात वरची लीग, तिलाच बिग लीग म्हणतात) जुन्या निग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत विक्रमांत धरले. (इतिहासात त्या लीगचं नावच ते आहे, म्हणून तसंच लिहितो.) गोऱ्यांच्या संघात कृष्णवर्णीयांना घेत नव्हते, म्हणून त्यांनी आपले संघ आणि आपल्या लीग उभ्या केल्या होत्या. ते आकडे धरल्याबरोबर कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत पहिल्या नंबरवर आला जॉश गिब्सन, .३७२. टाय कॉबचा .३६७ चा विक्रम किती पिढ्या तसाच होता, तो मागे पडला. बेसबॉलमध्ये दहातले तीन हिट मारणारा मोठा समजतात, यावरून अंदाज कर. आणि हा गिब्सन म्हणजे माझ्या गावचा. जन्म जॉर्जियातला, पण वाढला, खेळला आणि गेला इथे पिट्सबर्गमध्ये. आमच्याकडून गाडीने वीस मिनिटांवर अलेगेनी स्मशानभूमीत त्याला पुरलंय. १९४७ च्या जानेवारीत तो गेला, वय ३५. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगच्या मैदानात उतरला आणि ते दार उघडलं. गिब्सनच्या जागेवर १९७५ पर्यंत साधा दगडही नव्हता. आता आहे. त्यावर नाव, दोन सालं आणि खाली 'थोर बेसबॉल खेळाडू' अशा अर्थाचे शब्द, एवढंच.

ती बातमी वाचली आणि मी सवयीने त्याचं कार्ड शोधायला बसलो. त्याच्या हयातीत इथल्या गमच्या पाकिटातून त्याचं कार्ड निघालंच नव्हतं. हिवाळ्यात तो पोर्तो रिकोत जाऊन खेळायचा. तिथल्या एका संचात त्याचं कार्ड आहे, पण ते निघालं तो गेल्यावर. गाउडीच्या त्या २४० मध्ये तर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. १९३३ मध्ये गिब्सन २१ वर्षांचा होता. सहा फूट एक इंच उंच, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा कॅचर, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर समज, आणि त्या वयात त्याच्या फटक्यांच्या गोष्टी गावोगाव सांगत होते. त्याच संघात सॅचेल पेज, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल आणि ज्युडी जॉन्सन. पुढे हे पाचही जण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत गेले. एका गावातल्या एका संघातले पाच, पक्या! आणि एका सेंटच्या गमबरोबर यांतला एकही निघाला नाही.

त्यांचं मैदान बघायला मी गेलो होतो. फोर्ब्ज फील्ड या मोठ्या मैदानावर त्यांना भाड्याने खेळता यायचं, पण कपडे बदलायची खोली वापरू देत नसत. म्हणून क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली याने १९३२ मध्ये हिल भागात स्वतःचं मैदान बांधलं. सहाच वर्षांत ते पाडलं आणि तिथे घरं उभी राहिली. फोर्ब्ज फील्डही गेलंय, पण त्याची भिंत अजून थोडी उभी आहे आणि होम प्लेट, म्हणजे बॅट्समन जिच्याशेजारी उभा राहतो ती पाटी, विद्यापीठाच्या इमारतीत जमिनीत काचेखाली जपून ठेवलीय. पोरं चहाचे कप घेऊन तिच्यावरून जातात. ग्रीनलीच्या मैदानाच्या जागी मी अर्धा तास उभा होतो, जपून ठेवलेलं काही सापडतंय का बघत. त्या दिवशीच ठरवलं, गिब्सनचं गाउडी कार्ड आपण करायचं.

चित्र मी स्वतः काढलं. टीनी हॅरिस नावाचा पिट्सबर्ग कुरिअर या वृत्तपत्राचा फोटोग्राफर होता, त्याच्या जवळपास ऐंशी हजार निगेटिव्ह इथल्या कार्नेगी म्युझियमकडे आहेत. तिथले आणि इतरत्र छापलेले गिब्सनचे फोटो पुन्हा पुन्हा बघितले, पण एकही उचलला नाही. दुसऱ्याचा फोटो गिरवून वर आपलं काम म्हणायचं, हे मनाला पटेना. शिवाय गणवेशाच्या रंगाचा घोळ होता. कृष्णधवल फोटोत तांबडा आणि गडद निळा दोन्ही सारखेच काळे दिसतात. अंदाजाने रंग भरला आणि तो चुकला, तर पुढे कुणीतरी माझंच कार्ड पुरावा म्हणून दाखवायचा. म्हणून मी त्याला कॅचरच्या बैठकीत घेतलं. छातीवर पॅड, त्याखाली संघाचं नाव झाकलेलं. टोपी उलटी, कॅचर घालतात तशी, म्हणजे पुढचं अक्षरही दिसत नाही. मास्क कपाळावर सरकवलेला. चेहरा मात्र पुरा उजेडात.

चेहऱ्यानेच मला सगळ्यात जास्त दिवस बसवलं. जुन्या कार्डावर भिंग धरलं की गोऱ्या गालांवर पिवळ्याचे आणि मॅजेंटाचे (छपाईतल्या तांबड्याचे) ठिपके दिसतात, निळा जवळपास नाहीच. मी सावळेपणा आणायला काळा वाढवत गेलो, तर चेहरा चिखलासारखा झाला. डोळे दिसेनात, गालाचं हाड गेलं. सात-आठ प्रुफं फुकट गेली. एका रात्री अचानक अप्पा आठवले. ट्रेडल काढून तुम्ही ऑफसेट घेतलं त्या वर्षी आषाढीचं विठ्ठलाचं कॅलेंडर छापत होता, आठवतंय? मशीनमनने काळी शाई वाढवली होती. अप्पांनी शीट दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "काळ्याने सावळा येत नाही रे, मरतो. पिवळा धर, तांबडा धर, निळा चवीपुरता." आपण दोघं कागदाच्या रिमांवर बसून भेळ खात होतो. मी काळा पार काढून टाकला. पिवळा भरपूर, मॅजेंटा त्याच्या खालोखाल, निळा चवीपुरता, काळा फक्त भुवयांत आणि मास्कच्या सळ्यांत. दुसऱ्या दिवशी प्रूफ निघालं तर गालावर ऊन पडल्यासारखं दिसत होतं. मी ते कितीतरी वेळ हातात धरून बसलो.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. खऱ्या कार्डावर अक्षरं सॉलिड असतात, म्हणजे ठिपक्यांविना सलग शाईची, काठ स्वच्छ. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांतही ठिपके येतात, जाणकार तिथेच पकडतात. मला नक्कल करायची नव्हती, पण ठिपक्यांचं अक्षर बघवतही नव्हतं. म्हणून सगळी अक्षरं वेगळी काढून सॉलिड ठेवली. फसवणुकीला वाव राहू नये म्हणून मागे तळाशी '२०२५' असं छापतोय. कुणी कोपरे घासून, चहात बुडवून जुनं म्हणून विकायला गेलं तरी ते साल बोलेल.

अडलो ते तांबड्या पट्टीपाशी. साचा तयार होता, चित्र बसलं होतं, वर नाव होतं, आणि खाली शब्द तेच: 'बिग लीग'. ज्या बिग लीगने त्याला जन्मभर दाराबाहेर ठेवलं, तिचं नाव त्याच्या पायाखाली लिहायचं? दोन दिवस पट्टी कोरी ठेवून बघितली. मग क्रॉफर्ड्सचं नाव घातलं. काही केल्या मन मानेना. शेवटी २०२० च्या डिसेंबरची घोषणा काढून परत वाचली. त्यात मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. मी ती दोनदा वाचली आणि पट्टीत मूळ शब्द जसेच्या तसे घातले. त्या शब्दांवर त्याचा हक्क १९३३ मध्येही होता. कंपनीने छापलं नाही, एवढंच.

मागची बाजू गाउडीसारखी हिरव्या शाईत, एकरंगी. .३७२ तिथे घातलेलं नाही, कारण १९३३ च्या कार्डाला ते ठाऊक असणार नाही. मजकूर सगळा वर्तमानकाळात आहे: जन्म २१ डिसेंबर १९११, ब्यूना व्हिस्टा, जॉर्जिया. उजव्या हाताने मारतो, उजव्या हाताने फेकतो. क्रॉफर्ड्सचा कॅचर आहे. मूळ कार्डांच्या मागे 'ही २४० बेसबॉल ताऱ्यांची मालिका' अशा अर्थाची ओळ असते, ती मी तशीच ठेवलीय. आणि नंबर दिलाय २४१.

आता काम सांगतो. इथल्या एका दुकानात नमुना छापून घेतला, तर त्यांनी चकचकीत कागदावर काढून वर प्लास्टिक चढवून दिलं. मला हवाय जाड, न चकाकणारा, किंचित पिवळसर पुठ्ठा. ड्युप्लेक्स बोर्ड नको, त्याची एक बाजू फार पांढरी असते. कार्डाचं माप २ ३/८ × २ ७/८ इंच. पुढे चार रंग, मागे फक्त हिरवा, आणि तो चार रंगांतून न काढता डब्यातली तयार शाई हवी. रंग एखाद्या केसाएवढा हलला तर हलू दे, जुन्या कार्डांतही हलायचा. मात्र चेहऱ्यावर नको. गिब्सनच्या वंशजांची एक संस्था इथे आहे, त्यांना परवानगीसाठी पत्र टाकलंय. त्यांचं उत्तर येईपर्यंत मशीन लावायचं नाही, पण पुठ्ठा आणि शाई बघून ठेव. ते हो म्हणाले तर बाकीच्या चौघांचीही करेन, २४२ ते २४५. पेजचं चित्र सुरू केलंय, चेंडू फेकताना त्याचा डावा पाय केवढा वर जातो तो कागदावर मावत नाही. एकही कार्ड विकायचं नाही. हिल भागातल्या शाळकरी पोरांना वाटायची, आणि थोडी तुझ्याकडे राहू दे.

हिरव्या शाईचे दोन-तीन पट्टे त्याच पुठ्ठ्यावर ओढून पाकिटात घालून पाठव. फोटो काढून मोबाइलवर नको, रंग कळत नाही. माझ्या खऱ्या कार्डाशेजारी ठेवून बघतो आणि कुठला ते कळवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. प्रेसमध्ये अप्पांचा फोटो आहे त्याच्याखाली पहिलं प्रूफ लावशील ना?

तुझा,
दिन्या