माझ्या अंगावर कधीच काही उठलं नव्हतं

प्रिय सुध्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम एवढं लांबलचक. तू आधी शेवटचं पान उघडून बघणार, मला माहीत आहे. बघू नकोस, क्रमाने वाच. तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच.

मेघाला हर्पिस झालाय, खालच्या जागेचा. अडीच महिन्यांपूर्वी ताप आला, जांघेत गाठी आल्या, लघवीला जायचं म्हटलं की रडायची. मला वाटलं हर्पिस म्हणजे नागीण, होईल बरी. डॉक्टर म्हणाले, नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. खानदान एकच, पण हा वेगळा, एचएसव्ही-२, शरीरसंबंधातून येणारा. मी टॉवेलवर खापर फोडून पाहिलं, कमोडच्या सीटवर फोडून पाहिलं. तर तो बाहेर तग धरत नाही, कातडीला कातडी लागावी लागते. फोडातल्या पाण्यात विषाणू सापडला, पण तिच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी नव्हत्या. त्या तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, म्हणजे लागण ताजी. मग माझं रक्त घेतलं. माझ्यात होत्या.

सुध्या, आजवर माझ्या अंगावर तिथे एक पुळीसुद्धा आलेली नाही. खाज नाही, आग नाही. मेघाने माझ्या रिपोर्टची घडी घातली, मग त्या घडीची घडी, मग आणखी एक, पार काडेपेटीएवढी होईपर्यंत. आणि एवढंच विचारलं, "कोण?"

तिच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. सहा वर्षांचा संसार, तिला लागण आत्ता, आणि नवऱ्याच्या रक्तात खूण. मी शपथा घेत बसलो. शपथेने काय होतं?

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तीच घडी उलगडली आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने पाठीचा कणा काढला. तळाशी एक टिंब, टिंबापासून खाली एक रेघ. टिंब म्हणजे मज्जातंतूंची गाठ. विषाणू कातडीतून शिरतो, तंतूच्या आतून वर चढतो आणि त्या गाठीत जाऊन बसतो, तो कायमचा. औषधाने दबतो, पण जात नाही. अधूनमधून त्याच रेघेवरून खाली येतो. जोर धरला तर फोड उठतात. शरीराने लगेच आवरला तर काहीच दिसत नाही, तरी तेवढा वेळ तो कातडीवर असतोच. कधी कधी काही तासच. तेवढ्यात दुसऱ्याला लागू शकतो, आणि बरेचदा लागतो तो असाच, न दिसता.

मग मी वाचत सुटलो. २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांनी रोज घरी स्वतःचा स्वॅब घेतला होता. ज्यांना फोड येऊन गेलेले, त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना कधीच काही झालं नव्हतं, त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी. म्हणजे महिन्याचे तीन दिवस, सुध्या! मी निरोगी म्हणून हिंडत होतो तेव्हा.

कंडोम तरी वापरला असता, पण मला कशाचा संशयच नव्हता (आणि कंडोमने धोका घटतो, संपत नाही, कारण आजूबाजूची कातडी उघडी राहते). लग्नाआधी तूच माझ्या मानगुटीवर बसून तपासण्या करायला लावल्या होत्यास. त्यात ही नव्हती. लक्षणं नसतील तर ही तपासणी सहसा करतच नाहीत. विषाणू दाबणारी गोळी रोज एक घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, हे २००४ सालीच सिद्ध झालंय. पण गोळी घ्यायला आधी माहीत तर हवं.

आता तुला लिहिण्याचं कारण. रक्ताची तपासणी सांगते की आहे. कधीपासून, कोणाकडून, ते सांगत नाही. हे नऊ वर्षांपूर्वीचं असू शकतं हे डॉक्टरांनी मेघाला सांगितलं, पण तसंच आहे याची ग्वाही कोणतीच तपासणी देणार नाही. ते वर्ष पाहिलेला माणूस एकच, तू. त्यावरूनच आपण आठ महिने बोललो नव्हतो. (त्या भांडणात माझ्या बुद्धिबळातला काळा वजीर घेऊन गेलास तो अजून तुझ्याकडे आहे. विसरलेलो नाही.)

खरं सांगतो, पहिले दोन दिवस मी 'तिला', त्या वर्षीच्या मुलीला, मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग तो कागद पुन्हा समोर धरला. सहा वर्षं मेघाच्या शेजारी झोपून मला जे कळलं नाही, ते तिला कसं कळलं असेल? कोणी कोणाला दिलं हेही ठरत नाही, कदाचित मीच तिला दिला असेल. १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांत हा विषाणू आहे आणि बहुतेकांना पत्ता नाही. शिव्या कोणाला घालायच्या?

मेघाच्या मनात मुलाचं आहे. डॉक्टर म्हणाले, लागण दिवस राहण्याआधीची असेल तर बाळाला धोका फार कमी. दिवस भरत आले असताना नव्याने झाली तर तो मोठा. हे ऐकून ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. पोरगी चालायला लागली का? वहिनींना नमस्कार.

काल रात्री मी मेघाला त्या वर्षाचं सगळं सांगितलं. लग्नाआधीच सांगायला हवं होतं, तू तेव्हाही हेच म्हणाला होतास. सगळं ऐकून म्हणाली, "सुधीरभावजींना माहीत आहे?" मी हो म्हणालो. या आठवड्यात ती तुला फोन करेल. मला वाचवायला जाऊ नकोस. मी त्या मुलीशी कसा वागलो, न सांगता कसा निघून आलो, तेही सांग. आणि तिचा नंबर अजून तुझ्या बहिणीकडे असेल तर कळव. तिच्याही अंगावर काही उठलं नसेल.

तुझा,
बाळ्या