ती न चमकणारी पेशी दाखवल्याबद्दल

प्रिय ताई,

पाणथळ मातीतल्या आपल्या मिथेनोजेनचं, म्हणजे मिथेन वायू बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाचं, वर्णन एकदाचं पूर्ण झालं. निबंधाच्या शेवटी तुमचे आभार मानलेत, पण तिथे एकच ओळ मिळते. मला सगळं सांगायचंय, आणि सगळ्यांदेखत.

"कल्चर शुद्ध आहे," म्हणजे ट्यूबमध्ये एकच जीव वाढतोय, असं मी ठासून सांगितलं होतं. जांभळ्या प्रकाशात पेशी निळसर हिरव्या चमकत होत्या. एफ४२० या सहविकरामुळे (विकरांना साथ देणाऱ्या रेणूमुळे) मिथेनोजेन असेच चमकतात. तुम्ही काही न बोलता तीच स्लाइड साध्या प्रकाशात लावलीत. जाड दांड्यांमधून एक बारीक, वाकडी पेशी वळवळत गेली. पुन्हा जांभळा प्रकाश लावला, तर ती दिसेना; म्हणजे ती मिथेनोजेन नव्हतीच.

माझा अर्धा मसुदा लिहून झाला होता. मी रडवेली झाले, तेव्हा तुम्ही मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्कीची हकिगत सांगितलीत. इथेनॉलपासून मिथेन बनवणारा एकच जीव म्हणून तो वर्षानुवर्षं ओळखला जायचा. १९६७ मध्ये कळलं की ते दोघे आहेत: एक इथेनॉल खाऊन हायड्रोजन सोडतो, दुसरा त्या हायड्रोजनवर मिथेन बनवतो. माझ्या मसुद्यातही "इथेनॉलवर वाढतो" असंच लिहिलेलं होतं!

मग पुन्हा पहिल्यापासून. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक घातलं; ते जिवाणूंच्या भित्तिकेवर घाव घालतं, मिथेनोजेन ज्या गटात येतात त्या आर्कियांना तशी भित्तिका नसतेच. हंगेट पद्धतीने ट्यूब फिरवून आतून अगारचा पातळ थर चढवायचा, नायट्रोजनच्या झोतात एकेक कॉलनी उचलायची. माझा हात थरथरायचा, तुमचा कधीच नाही. मिथेनोजेनला ऑक्सिजन सोसत नाही, आणि मीडियम (वाढीचं पोषक द्रावण) गुलाबी झालं की ऑक्सिजन शिरला. ती ट्यूब हळहळ न करता टाकायची, हे तुम्ही शिकवलंत. मला ते जमायला फार वेळ लागला.

शुद्ध झाल्यावर इथेनॉल दिलं, तर मिथेन शून्य. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड दिला की भरभर वाढ. हीच त्याची खरी ओळख. तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असतात, तर नव्या प्रजातीच्या नावाखाली दोन जीवांची सरमिसळ छापली गेली असती, आणि जीनोमही भेसळीचा निघाला असता.

नियमाप्रमाणे दोन देशांतल्या दोन सूक्ष्मजीव-संग्रहांकडे स्ट्रेन (आपला शुद्ध वाण) पाठवला. पॅक करण्याआधी प्रत्येक ट्यूब उजेडात धरून पाहिली. एकही गुलाबी नव्हती. मनापासून आभार, ताई.

तुमची विद्यार्थिनी