क्लोरीन शेवटच्या नळावर मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून लागला, नळाला तांबूस पाणी आले आणि लोकांनी तक्रार केली की सहसा एकच उत्तर मिळते: जलशुद्धीकरण प्रकल्पातून सुटणारे पाणी रोज तपासले जाते, ते पिण्यायोग्य आहे. हे उत्तर बहुतेक वेळा खरेही असते. गोव्यातल्या चांदेल, अस्नोडा, पडोसे, दाबोस, ओपा किंवा साळावली, कुठल्याही प्रकल्पात नदीचे वा धरणाचे पाणी तुरटीने निवळवतात, वाळूच्या थरांतून गाळतात आणि क्लोरीन देऊन सोडतात. पण वाळपई, साखळी, केपे, सांगे यांसारख्या लहान शहरांत पाणी बिघडते ते बहुतेक करून त्यानंतर, जलकुंभापासून तुमच्या पेल्यापर्यंतच्या वाटेत. त्या वाटेकडे फारसे कोणी पाहत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले गोवा हे देशातले पहिले राज्य. घरोघर नळ पोचला, ही मोठीच गोष्ट झाली. आता त्या नळातून काय येते, याचा हिशेब मागायला हवा, आणि तो एका आकड्यावर मागता येतो: पाण्यात शिल्लक उरलेला मोकळा क्लोरीन.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते की हा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. विषाणूंपासून बचाव हवा असेल तेव्हा किमान ०.५. ई. कोलाय जंतू १०० मिलिलिटरच्या नमुन्यात एकही सापडता कामा नये. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. गढूळ पाणी नुसते दिसायला वाईट असते असे नाही. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन जंतूंऐवजी त्या मातीतल्या कुजक्या द्रव्यावर खर्च होतो. जुन्या लोखंडी पाईपांतला गंज आणि आतल्या भिंतीवरचा बुळबुळीत थरही क्लोरीन संपवतात. म्हणून प्रकल्पावर लिटरमागे एक मिलिग्रॅम असलेला क्लोरीन शेवटच्या गल्लीत शून्यावर येऊ शकतो. प्रकल्पाचा अहवाल तेव्हाही निर्दोषच असतो.

खरा धोका पाणी बंद असते तेव्हाचा. दिवसातून दोन-तीन तास पुरवठा असलेल्या भागात व्हॉल्व्ह बंद झाला की पाईपमध्ये उरलेले पाणी उतारावरच्या घरांच्या नळांतून निघून जाते. आपली शहरे टेकड्या आणि व्हाळ (ओढे) यांच्यामध्ये वसलेली, त्यामुळे वरच्या वाड्यावरचा पाईप रिकामा होतो आणि त्यात पोकळी तयार होते. ती पोकळी भरायला जे मिळेल ते आत ओढले जाते: सैल जोडातून हवा, आणि जोड गटाराच्या पाण्यात बुडालेला असेल तर गटाराचे पाणी. पुरवठा सुरू होताना नळ आधी फुसफुसतो, मग थुंकल्यासारखे पाणी येते, मग तांबूस धार लागते. ही फुसफुस ऐकू आली की समजावे, पाईप रिकामा होता. अर्ध्या एचपीचा पंप थेट लाईनला लावणारे हेच संकट पुरवठा चालू असतानाही ओढवून घेतात. त्यांना चार बादल्या जास्त मिळतात आणि सगळ्या गल्लीच्या पाईपमध्ये बाहेरची घाण शिरायला वाट होते. हे पंप जप्त व्हायलाच हवेत.

गल्लीतली जोडणी एकदा नीट न्याहाळावी. मुख्य वाहिनीवर सॅडल (पाईपवर आवळायचा पट्टा) बसवून फेरूलमधून (घराच्या जोडणीचा छोटा जोड) अर्ध्या इंचाचा पाईप निघतो, रस्त्याकडेच्या गटारात उतरतो, पलीकडे चढतो आणि मीटरला मिळतो. पाईप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) असेल तर तो मधोमध कुजत नाही. कुजतो तो गटाराच्या पाण्याच्या रेषेवर, जिथे कधी ओले कधी कोरडे असते, आणि सॉकेटच्या आट्यांवर, जिथे आटे पाडताना जस्ताचा थर निघून गेलेला असतो. बाहेरून गंजाची फुगवटी दिसते, नखाने खरवडली की पापुद्रा निघतो आणि खाली सुईच्या टोकाएवढे भोक असते. दाब असताना तिथून पाणी बाहेर पडते, दाब गेला की तिथूनच गटार आत येते. एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला एवढ्याच जागी हिरवे गवत उभे असेल, तर खाली गळती आहे असे धरून चालावे.

यात अडचण अशी की या चार मीटर लांबीच्या जोडणीला मालक तीन. वाहिनी पाणीपुरवठा खात्याची, गटार नगरपालिकेचे, मीटरच्या पुढचा पाईप घरमालकाचा. त्यामुळे जोडणी गटारातून वर काढा, एवढी साधी गोष्टही कोणाच्या कामांच्या यादीत येत नाही. उपाय महाग नाही: जीआयऐवजी अखंड एमडीपीई (प्लास्टिकचा) पाईप, गटार ओलांडताना त्यावर मोठ्या व्यासाचे आवरण, गटाराच्या तळातून नेण्याऐवजी वरून, आणि गटाराच्या आत एकही जोड नाही. जिथे नव्याने मलनिस्सारण वाहिनी पडते आहे, तिथे पाण्याची वाहिनी तिच्यापासून आडवी तीन मीटर दूर असावी. ओलांडणे भागच असेल तर पाणी वरून आणि मैला खालून, मध्ये निदान अर्धा मीटर.

त्यापुढे घरमालकाची जबाबदारी सुरू होते, आणि तिथे सर्वांत दुबळा भाग म्हणजे सम्प, जमिनीखालची साठवण टाकी. जांभा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात भूजल बरेच वर येते, कुठे कुठे सम्पच्या तळापेक्षाही वर. शेजारी सेप्टिक टँकचा सोक पिट (सांडपाणी मुरण्याचा खड्डा) असतो. विहिरीपासून सोक पिट पंधरा-अठरा मीटर लांब असावा असे सांगितले जाते. शहरातल्या लहान भूखंडात हे अंतर सापडतच नाही. सम्पच्या भिंतीला केसाएवढी चीर असली तरी उन्हाळ्यात पाणी बाहेर झिरपते आणि जुलैत बाहेरचे आत येते. उन्हाळ्यात पाणी लवकर संपते म्हणून लोक वैतागतात. पावसाळ्यात ते संपत नाही म्हणून कोणाला शंका येत नाही.

तपासणी सोपी आहे. सलग चार दिवस पाऊस झाल्यावर सिमेंटचा सम्प पूर्ण उपसावा, तळ फडक्याने टिपून घ्यावा, आत येणारा नळ बंद करून झाकण लावून रात्रभर ठेवावे. सकाळी तळात पाणी असेल तर ते बाहेरून आलेले आहे. (जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या टाकीवर हा प्रयोग करू नये; रिकामी टाकी भूजलाच्या दाबाने वर उचलली जाते.) आत उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, वर दुसरा माणूस उभा हवाच, आणि पेट्रोलवर चालणारा पंप सम्पजवळ चालवू नये, बंद टाकीत माणसे गुदमरून मेल्याच्या घटना घडतात. सम्पचे तोंड अंगणाच्या पातळीपेक्षा निदान एक फूट उंच असावे, झाकण कडेवरून खाली वळणारे असावे, ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी असावी. आमचे स्पष्ट मत आहे की जिथे लाईनला दाब पुरतो तिथे सम्प नकोच. पिण्याचे पाणी जमिनीच्या वरच्या टाकीत थेट घ्यावे.

टाकी भरणाऱ्या पाईपवर, फ्लोट व्हॉल्व्हच्या (टाकी भरली की पाणी अडवणारा) आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून साधा नळ ठेवावा. पुरवठा सुरू झाला की पहिली पाच-दहा मिनिटे, रंग जाईपर्यंत, पाणी त्या नळातून झाडांना सोडावे आणि मगच टाकीकडे वळवावे. पाईपमध्ये शिरलेली घाण टाकीत जाण्यापासून अडवणारा याहून स्वस्त उपाय नाही.

दोष नेमका कुठे आहे, हे तीन पेल्यांत कळते. क्लोरीन तपासण्याचा संच घ्यावा, शक्यतो डीपीडी या रसायनाचा. त्यात पाणी गुलाबी होते. ओटी या रसायनाचा जुना संच पिवळा रंग दाखवतो, पण तो काही सेकंदांतच वाचावा लागतो, थोडा वेळ गेला की दुसऱ्या संयुगांत बांधलेला क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. शिवाय ते रसायन हाताला लागू देऊ नये. पहिला पेला थेट लाईनच्या नळाचा, पुरवठा सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर. दुसरा सम्पचा. तिसरा स्वयंपाकघरातला, वरच्या टाकीतून येणारा. पहिल्यातच रंग आला नाही तर तक्रार खात्याकडे, तारीख आणि वेळ लिहून. पहिल्यात ०.३ आणि दुसऱ्यात, ताजे पाणी भरून तासभर झाल्यावरही, शून्य, तर सम्पमध्ये गाळ आहे किंवा बाहेरचे पाणी येते आहे. दोन दिवस साठलेल्या पाण्यात क्लोरीन उतरणे स्वाभाविक आहे. पण त्या पाण्यात नंतर काही शिरले तर त्याला अडवणारे काही उरलेले नसते, हेही तितकेच खरे.

टाकी वर्षातून दोनदा धुवावी: एकदा मेमध्ये आणि एकदा चतुर्थीच्या आधी, कारण तेव्हा घर पाहुण्यांनी भरते आणि पाण्याची उलाढाल वाढते. साबण वापरू नये. ब्रशने घासून गाळ बाहेर काढावा, टाकी भरावी आणि हजार लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर द्यावी. पावडरीत २५ टक्के क्लोरीन धरला तर लिटरला ५० मिलिग्रॅम होतो. बारा तास ठेवून सगळे पाणी सोडून द्यावे, नळांतूनही; हे पाणी पिऊ नये, माशांच्या तळीत किंवा व्हाळात सोडू नये. मग धुऊन पुन्हा भरावी. एरवी पिण्याच्या पाण्यात क्लोरीन कमी पडत असेल तर हजार लिटर नितळ पाण्याला चार ग्रॅम पुरतात, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. पावडर बादलीभर पाण्यात कालवावी, दहा-पंधरा मिनिटे चुना खाली बसू द्यावा, वरची नितळ निवळीच टाकीत ओतावी, अर्धा तास थांबावे आणि पुन्हा संचाने पाहावे. चूक होते ती पावडरीत: आपल्या दमट हवेत उघडी पिशवी काही आठवड्यांत निकामी होते. डबा घट्ट बंद, कोरड्या जागी हवा. आणि संडास धुण्याच्या आम्लाशी तिचा संपर्क कधीही येऊ देऊ नये. विषारी वायू सुटतो.

जंतूंसाठी एच-टू-एसची (हायड्रोजन सल्फाइडवरून जंतू ओळखणारी) बाटली मिळते. रेषेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवली आणि २४ ते ४८ तासांत काळी झाली, तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी. मग प्रयोगशाळेत नमुना द्यावा. इथे बहुतेक नमुने घेतानाच वाया जातात. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरलेल्या पाण्याच्या अहवालाला अर्थ नसतो. बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक. आत क्लोरीन मारणारे थोडे रसायन घातलेले असते, म्हणून ती विसळायची नाही. नळाची जाळी काढावी, तोंड पुसून दोन-तीन मिनिटे धार सोडावी, वर थोडी जागा ठेवून भरावी, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवावी.

आरओ यंत्राविषयी एकच सांगायचे आहे. आपल्या नद्यांचे पाणी मऊ, क्षार कमी; नळाच्या पाण्याला आरओची गरज नाही, त्यात पाणी मात्र भरपूर वाया जाते. शंका असेल तेव्हा गाळून खळखळून उकळलेले पाणी पुरते. खाणपट्ट्यात लोह आणि मँगनीज येऊ शकते. क्लोरीन लागला की त्याचा तपकिरी-काळा साका बसतो. त्याची तपासणी स्वतंत्र करून घ्यावी, क्लोरीनचा संच ते दाखवत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला ओपाची मुख्य वाहिनी फुटली आणि तिसवाडी, फोंडा तालुक्यांत कित्येक दिवस नळ कोरडे राहिले. वाहिनी फुटली की सगळ्यांचे लक्ष पाणी कधी येणार याकडे असते. पाणी आल्यावर पहिला दिवस त्याहून जपण्याचा. दुरुस्तीनंतर वॉशआऊट (वाहिनीतले पाणी बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह) उघडून धार नितळ होईपर्यंत पाणी सोडणे, शेवटच्या नळावर क्लोरीन ०.२ च्या वर आल्याची खात्री करणे आणि तोवर पाणी उकळून प्यावे असे लोकांना कळवणे, या तिन्ही गोष्टी दुरुस्तीचाच भाग धरल्या पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस (गिलँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच आला होता.

पावसाळ्यात आपले वृत्तपत्र धरणांच्या पातळीचे आकडे छापते. त्याच चौकटीत प्रत्येक शहरासाठी आणखी एक ओळ मागतो: जलकुंभाच्या तोंडाशी आणि त्या विभागातल्या शेवटच्या नळावर आदल्या दिवशी मोजलेला मोकळा क्लोरीन, गढूळपणा, मोजणीची वेळ आणि गल्लीचे नाव. मोजणी पुरवठा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तासात व्हावी. खात्याच्या लाईनमनकडे संच दिला तर एका नळाला पाच मिनिटे लागतात. आकडा ०.२ च्या खाली गेला तर त्याच दिवशी ती गल्ली वॉशआऊट करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावी, आणि दोन्ही आकडे छापावेत.

आपले,
पाणीपुरवठा आणि पाणी तपासणीचे काम जवळून जाणणारे काही नागरिक,
वाळपई, सत्तरी