स्प्रिंगला विश्रांती कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पानावर एका परवानाधारक गृहस्थांचं पत्र आलं होतं. आचारसंहिता लागली म्हणून पिस्तूल पोलीस स्टेशनला जमा करायला कपाटातून काढलं तर मॅगझिन (म्हणजे काडतुसं भरायची डबी, आतली स्प्रिंग ती वर ढकलते) कित्येक वर्षं भरलेलंच निघालं, आता स्प्रिंग कामातून गेली असणार, सगळ्यांनी महिन्यातून एकदा काडतुसं काढून स्प्रिंगला विश्रांती द्यावी, असा सल्ला त्यांनी दिलाय. मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, आयुष्य कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात गेलं, आणि ही विश्रांतीची गोष्ट तिथंपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय, म्हणून लिहितोय.

स्प्रिंग दाबून ठेवल्यामुळे थकत नाही हो. चांगल्या पोलादाची तार, तिच्या लवचिकतेच्या मर्यादेत दाबली असेल, तर ती दाबलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं राहू शकते. दारात उभ्या स्कूटरच्या शॉकॉबच्या स्प्रिंगा चोवीस तास गाडीचं वजन घेऊन असतात, त्यांना आराम मिळावा म्हणून कुणी गाडी छताला टांगत नाही. तार झिजते ती दाब-सोड, दाब-सोड याने. म्हणजे गंमत बघा, जो माणूस काळजीपोटी दर महिन्याला मॅगझिन रिकामं करून परत भरतो तोच स्प्रिंगला काम लावतोय, विसरून गेलेला नाही.

आता थोडं बसते हे खरंय. नवी स्प्रिंग आणि वापरातली स्प्रिंग शेजारी शेजारी ठेवली तर वापरातली जरा बुटकी दिसते, मग लोक म्हणतात बघा, गेली. पण ही बुटकी मुख्यतः पहिल्या काही वेळा भरतानाच होते, नंतर तिथंच थांबते, आणि चांगले कारखानदार तर स्प्रिंग वळून, मंद आचेवर तिचा ताण काढून, पूर्ण दाबून आधीच बसवून घेतात. अपवाद आहेत. खूप उष्णता मिळाली तर पोलाद हळूहळू ताण सोडतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मॅगझिन ठेवू नये. आणि हल्लीची खिशात मावणारी छोटी पिस्तुलं, त्यात एवढ्याशा जागेत जास्तीत जास्त राउंड, म्हणजे काडतुसं, कोंबतात, तिथं स्प्रिंग मर्यादेच्या काठावरच चालते, तिथं एक राउंड कमी भरला तर मी हसणार नाही.

मग ही समजूत आली कुठून, तर ती अगदीच हवेतून नाही आली. दुसऱ्या महायुद्धात स्टेन गनच्या 32 राउंडच्या मॅगझिनमध्ये शिपाई दोन-चार राउंड कमी भरायचे, ब्रेन मशीनगनच्या 30 च्या मॅगझिनमध्ये 28, आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकन पोरं एम-16 रायफलच्या 20 मध्ये 18. पण स्टेनचं दुखणं मुळात वेगळं होतं, तिच्यात दोन रांगा वर येऊन तोंडाशी एक होतात, जरा माती गेली की घासतं आणि अडकतं. पुढे स्टर्लिंग आली, म्हणजे आपली कानपूरची 9 एमएम कार्बाइन तीच, तिच्या मॅगझिनला बाक दिला आणि फॉलोअरला, म्हणजे काडतुसांखालच्या पट्टीला, छोटे रोलर बसवले, आणि 34 च्या 34 राउंड बिनबोभाट चालायला लागले. स्प्रिंग तिथंही तशीच दाबलेली होती की!

मॅगझिन खरं मरतं ते तोंडाकडून. वरचे दोन ओठ, आम्ही लिप्स म्हणतो, ते वरच्या काडतुसाला धरून ठेवतात, आणि मॅगझिन एकदा भरलेलं असताना सिमेंटवर आपटलं की एक ओठ केसभर फाकतो. डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण राउंड नाक वर करून उभा राहतो किंवा दोन एकदम निघतात, आणि माणूस शिव्या स्प्रिंगला देतो. प्लास्टिकच्या मॅगझिनची तर आणखी वेगळी तऱ्हा. फौजेच्या इन्सास रायफलची ती आरपार दिसणारी मॅगझिनं थंडीत तडकायची हे कारगिलच्या वेळी पेपरातच आलेलं. आणि भरून ठेवलेल्या प्लास्टिकचे ओठ दाबाने हळूहळू पसरू शकतात, म्हणून एका अमेरिकन कंपनीने झाकणच असं काढलंय की ते बसवलं की वरच्या राउंडचा दाब ओठांवरून निघतो. म्हणजे भरून ठेवल्याची काळजी करायचीच असेल तर ओठांची करा.

स्प्रिंग खरंच गेलीये हे कसं ओळखायचं? शेवटचा राउंड सुटल्यावर बहुतेक पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे अडकायला हवी, ती पुढे येऊन बंद होते. किंवा शेवटचे एक-दोन राउंड वर यायला उशीर करतात आणि स्लाइड त्यांच्यावरून निघून जाते, कारण स्प्रिंग तिथं सगळ्यात सैल असते. भरलेल्या मॅगझिनमध्ये काम अवघड ते वेगळ्या कारणाने, फौजेच्या जुन्या एसएलआर रायफलचे 20 राउंड जवळजवळ अर्धा किलो भरतात आणि ते सगळं ओझं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी वेळात एक घर वर ढकलायचं असतं. मॅगझिनांवर रंगाने नंबर टाका, कुठलं अडकतं ते लिहून ठेवा, स्प्रिंग बदलूनही तेच अडकत असेल तर ते मॅगझिन भंगारात.

आणि कोकणातल्या मंडळींनी तर स्प्रिंगचा विचारच सोडावा, पावसाळ्याचा करावा. चामड्याच्या पाकिटात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर चढतो, मॅगझिनच्या आत गंज धरतो, त्यावर तेल ओतलं की धूळ चिकटून लगदा होतो. पुसट तेलाचं बोट पुरे. रिव्हॉल्व्हरवाले आणि दुनळीवाले यांना मॅगझिनच नसतं, त्यांनी हे पत्र सोडून दिलं तरी चालेल.

एवढं सगळं लिहिण्याचं खरं कारण मात्र दुसरंच आहे. मॅगझिन बंदुकीतून काढून कुलपात ठेवावं, घरात पोरंबाळं असतील तर रिकामंच ठेवावं, पण ते सुरक्षेसाठी, स्प्रिंगसाठी नाही. इथं एका खाजगी सिक्युरिटी एजन्सीत मी बघितलं, पिस्तूलवाला गार्ड ड्युटी बदलताना रोज चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागच्या घरातला, राउंड काढतो, मॅगझिन रिकामं करतो आणि दुसरा तेच परत भरतो, का तर म्हणे स्प्रिंग टिकते. तोच तोच राउंड रोज चेंबरमध्ये आपटून त्याची गोळी काडतुसाच्या पितळी नळकांड्यात मागे सरकते, मग उडवताना प्रेशर भलतंच वाढतं. आणि हे सगळं चाललंय कुठे, तर लिफ्टसमोर, माणसं येत-जात असताना, नळीचं तोंड कुठेही. हत्यार चुकून उडायचं ते असल्या उगाचच्या काढ-घालीतच. पोलीस लाइनीत आणि फौजेत खाली करताना नळी वाळूने भरलेल्या पेटीकडे धरायची शिस्त आहे, ती पेटी बसवायला जुना ड्रम आणि चार घमेली वाळू लागते. एजन्सीवाल्यांनी तेवढी ठेवावी आणि भरलेलं मॅगझिन भरलेलंच दुसऱ्याच्या हातात द्यावं.

आपला,
एक निवृत्त आर्मरर, सातारा