श्रावण पाळला म्हणजे सुटलो, असे होत नाही

संपादक महोदय,

गटारी जवळ आली की पेपरात मटणाच्या दुकानांपुढच्या रांगांचे फोटो येतात आणि घरोघरी एक जुना वाद पुन्हा निघतो. 'तुमचं पिणं वाढलंय' असे बायकोने म्हटले की उत्तर तयारच असते: 'श्रावणात थेंबाला शिवत नाही, गणपती उठेपर्यंत बंद असते. मी काय दारुडा आहे?' बहुतेक घरांत हा पुरावा चालून जातो. व्यसनमुक्तीचे काम करणारे आम्ही मात्र त्याला फारशी किंमत देत नाही, कारण व्यसन जडलेली पुष्कळ माणसे महिना-दीड महिना थांबू शकतात. पाहायचे असते ते वेगळेच. महिनाभर माणूस चिडचिडा होता का, दिवस मोजत होता का? आणि बंदी उठल्यावरच्या पहिल्या बैठकीत 'दोनच' म्हणून बसलेला दोनावर उठला का? कार्यक्रमापुरती घेणारा उठतो, आणि नाही उठला तर पुढच्या खेपेला सावध होतो. व्यसनी माणसाची मर्यादा पहिला पेग पोटात गेला की विरघळते, आणि हे दर खेपेला होते.

मापाचा घोळ आधी निस्तरू. भारतात एक प्रमाणित माप म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा ३० मिलीचा पेग. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये अशी सहा मापे बसतात, साधारण ६० ग्रॅम. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणे याला जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपान म्हणते. आपल्याकडे 'एक क्वार्टर तर घेतो' हे वाक्य साधेपणाची खूण म्हणून सांगितले जाते! 'आम्ही फक्त बिअर' म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते. अशा दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकाली काढते. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर पहाटे पाचलाही रक्तात शिल्लक असू शकते, आणि सहाच्या शिफ्टला माणूस तशीच गाडी काढतो. लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

'कामाला खाडा नाही', 'स्वतःच्या पैशाची पितो', 'पिऊन कुणाला त्रास नाही' ही प्रमाणपत्रेही कामाची नाहीत. खाडा पडतो, उधारी होते, मारहाण होते ती बऱ्याचदा फार पुढे. 'त्याला कितीही पाजा, चढत नाही' हे तर कौतुकाने सांगितले जाते. पूर्वी दोन पेगात जे व्हायचे त्याला आता पाच लागतात, याचा अर्थ शरीर दारूला सरावले आहे. डॉक्टर ज्या खुणांवरून व्यसनाचे निदान करतात त्यातली ही एक. बाकीच्या अशा: अनावर ओढ, ताबा सुटणे, बंद केल्यावर शरीराने त्रास देणे, इतर आवडी-जबाबदाऱ्या मागे पडणे, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे. वर्षभरात या सहापैकी तीन एकत्र दिसल्या की ते व्यसन धरले जाते, मग तो आठवड्यातून दोनदाच का पीत असेना.

घरच्या घरी विचारायला चार प्रश्न पुरतात. कमी करावी असे कधी वाटले का? कोणी त्यावरून बोलले की राग येतो का? प्यायल्याबद्दल मनात अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागतो का? दोन 'हो' आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. चौथ्याला एकटा 'हो' आला तरी थांबू नये.

आणि या चौथ्या 'हो'वाल्यानेच श्रावणाच्या पहिल्या दिवशी एका झटक्यात बंद करू नये. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू धरून चालायला शिकलेला असतो. ती एकदम काढली की सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना अंगावर मुंग्या चालल्याचे भास होतात, भिंतीवर माणसे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. घरचे लोक 'बाहेरचं झालं' म्हणून अंगारा लावतात, देवऋषी गाठतात, आणि जीव वाचवण्याचे तास निघून जातात. हा दवाखान्यातला आजार आहे. डॉक्टर पाच-सात दिवस औषधे देऊन त्यांचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. अशक्तपणा म्हणून गल्लीत नुसती ग्लुकोजची सलाइन लावून घेऊ नये. अगोदर बी-१ चे इंजेक्शन हवे, नाहीतर उरलेसुरले बी-१ ही संपते आणि स्मरणशक्तीला कायमचा धक्का बसू शकतो.

ताडी पिणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळल्याचे आपल्या राज्यात आणि तेलंगणात उघडकीस आलेले आहे. अशी ताडी एकदम सोडली तरी फिट येते. डॉक्टरांना 'दारू' असे मोघम न सांगता 'ताडी' असे स्पष्ट सांगावे.

राहिला प्रश्न 'न सांगता दारू सोडवा' या पुड्यांचा. भाजीत, चहात कालवायच्या या पुडीत काय आहे ते कोणी सांगत नाही. डायसल्फिरम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असेल, तर त्यावर दारू पडताच चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकाराचा रुग्ण दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवडे हा धोका राहतो. हे औषध देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, यकृताची तपासणी करून आणि शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास उलटल्यावर.

सोलापुरात सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आणि १४४४६ हा नशामुक्तीचा क्रमांक, दोन्ही विनाशुल्क. पिणारा यायला तयार नसेल तर बायकोने किंवा आईने एकटीने फोन करावा. घरात काय बोलायचे, पैसे कसे हाताळायचे, रात्री प्यालेला असताना वाद का घालायचा नाही, हे तिला सांगता येते.

आपल्याला एकच विनंती. छोट्या जाहिरातींच्या पानावर त्या पुड्यांच्या जाहिराती घेणे बंद करावे, आणि गटारीच्या दिवशी रांगेच्या फोटोशेजारी हे दोन क्रमांक छापावेत.

— व्यसनमुक्ती समुपदेशक, सोलापूर