अण्णा, तुमची बॅट अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार. समोर उभं राहून आभार मानले असते तर तुम्ही "गप रव रे" म्हणून विषय उडवला असता. म्हणून इथे चारचौघांत लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरला कामासाठी गेलो आणि येताना टेबल टेनिसची नवी बॅट घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, सध्या सगळे हेच घेतात. दोन्ही बाजूंना जलद रबर, त्याखालचा स्पंज २.१ मिलिमीटर जाड. किंमत लिहीत नाही, बायको हे वाचते. मालवणात आल्यावर हॉलमध्ये पोरांनी बॅट हातात घेऊन बघितली, मीही जरा मिरवलो.

आता माझा खेळ कसा ते तुम्हाला ठाऊक. चाळिशी उलटलेली, गुडघा कुरकुरतो, स्मॅश मारला तर चेंडू पंख्याला. माझं भांडवल एवढंच, की चेंडू परत टाकत राहायचं आणि समोरच्याचा धीर सुटायची वाट बघायची. त्या बॅटीनं साधा पुश केला, म्हणजे चेंडू नुसता हलका ढकलला, तरी चेंडू टेबल ओलांडून थेट खुर्च्यांखाली. महिनाभर मी खुर्च्यांखालीच जास्त होतो.

तुम्ही तीन संध्याकाळी नुसतं बघितलंत. चौथ्या दिवशी माझी आणि तुमची बॅट टेबलावर शेजारी शेजारी आडवी ठेवलीत आणि एकाच उंचीवरून दोन्हींवर चेंडू सोडलात. माझ्या बॅटीवरून तो हातभर वर आला, तुमच्या बॅटीवरून जेमतेम वीतभर. मग म्हणालात, "तुका चेंडू मारूचो नाय, परतवूचो आसा. मगे ह्या घोड्यार कित्याक बसलस?"

जाड स्पंज दबतो आणि उसळतो. आपण जोर लावला नाही तरी तो स्वतःचा जोर घालतो. पातळ स्पंजात चेंडू चटकन लाकडापर्यंत पोचतो, हाताला तो लागल्याचं कळतं आणि चॉप, म्हणजे खालची फिरकी देऊन कापलेला चेंडू, जाळ्याच्या जरा वरून, खाली राहून जातो. हे मला आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तरी त्या दिवशी तुम्ही मला काहीच घ्यायला सांगितलं नाहीत. पंच्यात गुंडाळलेली स्वतःची बॅट हातात दिलीत. "आधी हेच्यान खेळ, खरेदी मगे." पंधरा दिवस तुम्ही बाकावर बसून होतात, अण्णा, बॅटीशिवाय. खरे आभार त्या पंधरा दिवसांचे.

त्यात माझ्या डोक्यात लाँग पिंपल्सचं, म्हणजे लांब टोकं असलेल्या रबराचं खूळ. मनिका बत्रानं २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं ते बॅकहँडला तसलं रबर लावून, मग मला का नको? तुम्ही मोबाइलवर जू से-ह्यूकचे चॉप लावून दाखवलेत. हा कोरियन बचावपटू २००३ च्या पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे वर्नर श्लागरकडून हरला. बॅकहँडला त्याचंही लाँग पिंपल्सच! मला वाटलं, अण्णांनी माझ्याच बाजूचा पुरावा दिला.

पण तुम्ही व्हिडिओ थांबवून थांबवून समजावलंत. ती लांब, मऊ टोकं चेंडू लागताच वाकतात. रबर चेंडूला धरून ठेवत नाही, त्यामुळे आलेली फिरकी मोडतही नाही. समोरच्याचा टॉपस्पिन, म्हणजे वरची फिरकी, त्याच्याकडे खालची फिरकी होऊन जातो; आणि त्याच्या चॉपवर आपण पुश केला तर चेंडू जवळजवळ पोकळ, बिनफिरकीचा जातो, कधी हलका टॉपस्पिन घेऊन. आपण काय पाठवलं हे आपल्यालाच कळत नसेल तर? "समोरच्याक फसवूच्या आधी तूच फसतलस." खूळ तिथेच उतरलं. निदान सध्यापुरतं.

शेवटी ठरलं ते असं. लाकूड पाच थरांचं, ऑलराउंड जातीचं, म्हणजे मध्यम वेगाचं, कार्बनबिर्बन काही नाही. बॅकहँडला टॅकिनेस चॉप नावाचं रबर, १.५ चा स्पंज. फोरहँडला मार्क फाइव्ह हे रबर, स्पंज १.८ चा, कारण समोरून ढिला, उंच चेंडू आला तर तो सोडायचाही नाही, हा तुमचा हट्ट.

आणि ती रबर चिकटवायची रात्र! पाण्याचा गोंद, लावताना पांढरा. पारदर्शक झाला की चिकटवायचं. जुलैतल्या मालवणात तो पारदर्शक होतोय कशाला. मी जाड हात मारायला निघालो तर तुम्ही मनगट धरलंत, गोंदासकट रबराची जाडी ४ मिलिमीटरच्या वर गेली तर बॅट स्पर्धेत बाद. मग पंख्याखाली बसून तुम्ही चेंडूचं रडगाणं गायलात. ३८ मिलिमीटरचा चेंडू २००० साली ४० चा झाला, २०१४ पासून प्लॅस्टिकचा आला, दर खेपेला फिरकी कमी आणि बचाववाल्याच्या ताटातला एक घास कमी. रात्री साडेअकराला एकदाचा गोंद सुकला. रबरावरून आमच्या घरचं लाटणं फिरवलंत, कडा कात्रीनं कापल्या. एका कोपऱ्यात जरा आत कापलं गेलंय, ते माझ्या घाईचं.

दमट हवेत रबरावर बाष्प धरतं आणि चेंडू साबणासारखा सटकतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. दर सहा गुणांनंतर टॉवेलची मुभा असते, तेव्हा कपाळाआधी रबर पुसायचं. आता ते सवयीनं होतं.

परवा बँकेतल्या त्या उंच पोराशी खेळलो. नऊ-नऊ असताना त्यानं एकामागून एक सात टॉपस्पिन मारले, मी मागे सरकत सातही परत टाकले, आठवा त्यानं जाळ्यात घातला आणि बॅटीकडे बघत उभा राहिला. माझ्या बॅटीकडे, स्वतःच्या नाही. गेम पुढे मी १०-१२ असा हरलो, ते सोडा.

तुमची बॅट अजून माझ्याकडेच आहे. पुसून, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक लावून, त्याच पंच्यात गुंडाळून ठेवली आहे. पंचा धुतलाय. गुरुवारी घेऊन येतो, बाकावर बसू नका.

तुमचा,
खुर्च्यांखालून चेंडू काढणारा